चार ओळी आणि एक रेघ

बाई, आज ऑफिसात एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, वो दोनों आपस में बात करके भरते हैं." बोट दाखवलं नाही तिनं, नुसती मान वळवली. काचेपलीकडे दोघं जण एकमेकांकडे पाठ करून आपापल्या संगणकात डोकं घालून बसले होते. मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणते, "इतना मैच किसी का नहीं होता, सर." बाई, हे वाक्य माझं आहे. मी ते मराठीत म्हटलं होतं, मुनिरकाच्या तुमच्या फ्लॅटमध्ये, ओट्याला टेकून, आणि तुम्ही पोह्यांसाठी मिरच्या चिरत होतात. त्यानंतर जे झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. उरलेलं सांगायचं तर तुम्हाला जाऊन नऊ वर्षं होत आली. तरी लिहायला बसलोय. तुमच्या खुर्चीत आता मी बसतो, हे कळलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात याची मला कल्पना आहे, आणि ते काही चांगलं नाही.

आधी कॉलेजचं सांगतो. तुम्ही विचारलं होतंत, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात का सोडलंस, आणि मी सांगितलं होतं की अभ्यासात मन लागत नाही. मन लागत नव्हतं हे खरं, पण ते कुठे लागलं होतं ते सांगितलं नव्हतं. ती माझ्या एक वर्ष पुढे होती. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिची जागा खिडकीजवळ, आणि माझी व्हरांड्यात, कारण माझा तिथे तास नसायचा. गढवालची, घर फरिदाबादला, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी. एकदा एका मुलानं तिचं जर्नल न विचारता उचललं म्हणून मी त्याचा चष्मा फोडला, तर ती माझ्यावरच चिडली, "तुमसे किसने कहा था?" कोणीच म्हटलं नव्हतं. मला आजवर कुठल्याही गोष्टीसाठी कोणी काही म्हटलेलं नाही, मी आपला आपण पेटतो. ती पास झाली आणि गुडगावला तुमच्या हाताखाली लागली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीचे कागद वाटणाऱ्या बाई त्या ऑफिसच्या प्रमुख आहेत हे मला आईकडून कळलं, आणि पुढच्या आठवड्यात मी कॉलेजला जाणं बंद केलं. बाबा दोन महिने बोलले नाहीत. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरला दोन खोल्या. त्यात बाप बोलेनासा झाला की दुसरी खोलीही पहिल्यात आल्यासारखी होते.

तुम्ही मला परीक्षेला बसवलंत ते स्वयंपाकघरात. म्हणालात, "डिग्री नसली तर नसली, डोळे आहेत का बघू." फळीवर डबे ओळीनं लावलेले. प्रत्येकावर कागदाची पट्टी, त्यावर मोठ्या अक्षरात एक नाव आणि खाली बारीक अक्षरात बाकीची. मोठ्या अक्षरात 'डाळीचं पीठ', त्याखाली 'बेसन', त्याखाली 'हरभऱ्याचं पीठ'. "माझी कामवाली बेसन म्हणते, माझी नणंद हरभऱ्याचं पीठ म्हणते, मी डाळीचं म्हणते," तुम्ही म्हणालात. "तिघी आपापल्या जागी बरोबर. पण तिघींनी तीन डबे भरून ठेवले तर घरात पीठ किती आहे हे कोणालाच कळणार नाही. माणसाच्या जनुकांचं हेच झालं होतं. अमेरिकेत एकानं शोधलं, त्यानं एक नाव दिलं. जपानात दुसऱ्याला तेच सापडलं, त्यानं दुसरं दिलं. आणि दोघंही वर्षानुवर्षं दोन वेगळ्या गोष्टी समजून बसले. म्हणून आता प्रत्येकाला एकच ठरलेलं नाव. ते ठरवायला माणसं बसतात, काम करणाऱ्यांना विचारतात, भांडतात, पण ठरवतात. आणि जुनं नाव फेकून द्यायचं नाही. ते खाली बारीक अक्षरात ठेवायचं. नाहीतर जुन्या नावानं शोधत आलेला माणूस दारातून परत जाईल." मग पहिलं उदाहरण दिलंत, जे तुम्ही प्रत्येकाला पहिल्या दिवशी द्यायचात: एक जनुक, त्याला डॉक्टर हर-टू म्हणतात, कोणी न्यू म्हणतात, आणि ठरलेलं नाव इआरबीबी-टू. "हे चुकलास तर माझ्याकडे येऊ नकोस." मी तिथल्या तिथे पाठ केलं. मला जनुकांशी काही देणंघेणं नव्हतं, मला गुडगावच्या गाडीत जागा हवी होती.

गाडी सकाळी साडेसातला. त्या वर्षांत गुडगाव म्हणजे एक काचेची इमारत, मग मोहरीचं शेत, मग दुसरी काचेची इमारत, आणि मधल्या रस्त्यावर डुकरं. आमच्या काचेतून शेजारच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाया दिसायच्या आणि त्यांना आम्ही दिसत असू, थंड हवेत बसून परदेशी औषध कंपन्यांसाठी तक्ते भरणारी पंचवीस-तीस पोरं. काम सोपं आणि जीवघेणं. शोधनिबंध वाचायचा, त्यात जनुकाचं जे काही नाव लिहिलंय ते पहिल्या रकान्यात, त्याचं ठरलेलं नाव दुसऱ्यात. एकच निबंध दोघांनी वाचायचा, वेगवेगळा. मग दोघांचे कागद शेजारी ठेवून जुळवायचे. जुळल्या त्या ओळी पुढे, न जुळलेल्या तुमच्या टेबलावर, लाल पेन्सिलीखाली. आणि तुमचा तो नियम: जोडीतल्या दोघांनी आपसात बोलायचं नाही. कामाचं तर नाहीच, पण एकूणच नाही, कारण "आपल्यासारख्यांचं बोलणं हिंडून-फिरून कामावर येतं." जोडीतल्या दोघांना वेगळ्या गाड्या, जेवायला वेगळी टेबलं. नव्या पोरांना हसू यायचं. तुम्ही हसत नव्हतात.

तिची जोडी लागली परभणीच्या मुलाशी. हा दिल्लीला कलेक्टर व्हायला आला होता, राजेंद्र नगरच्या एका खोलीत चौघं राहायचे, तीन वेळा परीक्षा देऊन झाली आणि घरून पैसे यायचे थांबले तेव्हा तुमच्याकडे आला. वडील तिकडे उर्दू शाळेत मास्तर. काळा, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि त्याचं कारण तुम्ही आहात. तो तुमच्याशी मराठी बोलायचा. मीही मराठीच बोलायचो, पण माझी मराठी क्वार्टरमधली, अर्ध्यावर येऊन हिंदीत घसरणारी. तो शोधण्याला 'हुडकणं' म्हणाला की तुमचा चेहरा उजळायचा. "किती वर्षांनी ऐकला रे हा शब्द!" मग माझ्याकडे वळून, "तुला ठाऊक आहे का याचा अर्थ?" मला नव्हता ठाऊक. मी म्हटलं, "छोड़िए ना बाई, काय फरक पडतो," आणि तुम्ही दोघं हसलात. माणूस गावाकडून नवा येऊन वर्षभरात माझी बाई घेऊन जातो, आणि आता चार फुटांवर बसून माझी… तिला माझी म्हणायचा मला काही हक्क नव्हता, ते मला तेव्हाही माहीत होतं.

मग ती फूटपट्टी. लाकडी, कडेला पितळेची पट्टी बसवलेली, तुमच्या जुन्या प्रयोगशाळेतली. वाचताना ओळीखाली धरायची, म्हणजे डोळा खालच्या ओळीवर उडी मारत नाही. मी दोनदा मागितली होती, उसनी. तुम्ही म्हणालात, "कागद दुमडून धर." आणि एका सोमवारी सगळ्यांसमोर ती परभणीच्याला दिलीत, त्या दोघांच्या ओळी महिनाभर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जुळल्या म्हणून. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतल्यासारखी. आणि ती, जी हसत नाही, ती त्याच्याकडे बघून हसली. बोलली नाही. नुसती हसली. माझ्या कानांतून वाफ निघाली असेल तर आश्चर्य नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो. तो स्टेपलर सरकवतो, ती न बघता उचलते. ती पाणी प्यायला उठते, दोन मिनिटांनी तो उठतो. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव! माझ्या आणि माझ्या जोडीदाराच्या ऐंशी जुळल्या तर आम्ही समोसे मागवायचो.

म्हणून त्या रविवारी तुमच्याकडे आलो. आठवतं ना? तुम्ही मिरच्या चिरताय आणि मी म्हणतोय, "बाई, ते दोघं बोलून भरतात."

"कोण दोघं?" तुम्हाला माहीत होतं कोण.

"इतकं कोणाचंच जुळत नाही. फोनवर बोलत असतील. घरी जाऊन."

तुम्ही सुरी खाली ठेवलीत. मला वाटलं आता विचाराल, पुरावा काय. तुम्ही हसायलाच लागलात. "अरे गाढवा, जुळावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप आहे! कोण कुठली माणसं एकेका नावावर वर्षभर भांडत बसतात ती कशासाठी? तू नीट काम केलंस आणि तिकडे ओसाकात कोणी नीट काम केलं, तर तुमच्याही अठ्ठ्याण्णव जुळतील. उद्या त्या जपान्याशी लग्न लावून देऊ का तुझं?"

"मी सीरियसली सांगतोय, बाई."

"मीही." मग आवाज उतरला तुमचा. "जुळलं म्हणजे त्यांचं काही आहे, असं नाही. दोघांनी नियम पाळला, एवढंच आहे. तुझं दुखणं वेगळं आहे, राजा. ते तू माझ्या तक्त्यात भरू नकोस." आणि पोह्यांची बशी पुढे केलीत. मी खाल्ले नाहीत. जिना उतरताना मला तुमचा इतका राग आला होता की खालच्या मजल्यावरच्या कुंडीला लाथ मारली. ती फुटली. कोणी फोडली म्हणून खालच्या आंटीनी सोसायटीत केवढा गोंधळ घातला होता, तेही आज सांगून टाकतो.

पंधरा दिवसांनी जुळवणी करणारा मुलगा भावाच्या लग्नाला बरेलीला गेला आणि तुम्ही ते काम आठवडाभर माझ्याकडे दिलंत. "तापट आहेस, पण नजर चांगली आहे तुझी. सांभाळ," असं म्हणालात. सगळ्यांच्या फायली माझ्या यंत्रावर आल्या. त्याचीही आली, तिचीही. शेजारी शेजारी लावल्या, ओळीमागून ओळ जुळत चाललेली, जसे दोघं हातात हात घालून पानभर खाली उतरताहेत. रागाच्या भरात मी त्याच्या फाईलमधल्या चार ओळी बदलल्या. ठरलेल्या नावांच्या जागी जुनी नावं टाकली, जी खाली बारीक अक्षरात राहायला हवी होती ती. त्यातली एक हर-टूची होती. मग छापून, न जुळलेल्यांवर नेहमीप्रमाणे खूण करून, तुमच्या टेबलावर ठेवून आलो.

तुम्ही त्याला बोलावलंत ते दार उघडं ठेवून. सगळ्या हॉलमध्ये टायपिंग थांबलं. "पहिल्या दिवशी शिकवलेलं नाव!" तुमचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. "यादी उघडून बघायचासुद्धा कंटाळा? हे तक्ते बघून कोणीतरी औषध शोधणार आहे. हा काय परीक्षेचा पेपर आहे, तीन वेळा नापास झालं तरी चौथ्यांदा बसू म्हणायला?" बाई, हे तुम्ही बोलायला नको होतं, पण तुम्हाला ते बोलायला मी लावलं. तो उभा होता. वरची गुंडी लावलेली. म्हणाला, "बाई, मी असं लिहिल्याचं मला आठवत न्हाई. पण कागदावर माझं नाव आहे. तेव्हा माझंच." एवढंच. कोणाकडे बघितलं नाही, कोणावर शंका घेतली नाही. मी टेबलाखाली मुठी वळून बसलो होतो, वाट बघत, की हा आता माझ्याकडे बोट करील आणि मी उठून त्याला धरीन. त्यानं ती संधीच दिली नाही. तुम्ही जोडी मोडलीत, त्याला निबंध लावून ठेवण्याच्या कामावर बसवलंत. महिनाअखेरीला तो आपण होऊन गेला. मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, भांडारात. फूटपट्टी टेबलावर तशीच ठेवून गेला, कडेला समांतर. संध्याकाळी ती मी उचलली. तुम्ही शोधलीत का ती कधी? मला विचारली तर नाही.

आणि आता जी गोष्ट मला अजूनही सहन होत नाही ती. तो गेल्यानंतरच्या सोमवारी गाड्यांची नवी यादी लागली आणि ती माझ्या गाडीत आली. माझ्या शेजारी! धौला कुंआला नेहमीसारखी गाडी अडकली. अकरा महिने मी ज्याची वाट बघत होतो ते सगळं माझ्या उजव्या हाताला, खिडकीतून येणाऱ्या उन्हात, मांडीवर डबा घेऊन बसलेलं होतं. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "सुनो, तुम्हारे पास उसका नंबर होगा? गाड़ी की लिस्ट तुम्हारे पास रहती है ना."

"किसका?"

"वही. जो मेरे साथ था."

मी म्हटलं, "तेरे पास नहीं है?"

"मेरे पास कहाँ से होगा? कभी बात ही नहीं हुई. मॅडम का रूल था ना." मग डब्याचं झाकण दाबत, "अब तो पेयर नहीं हैं. अब तो पूछ सकती हूँ कि उस दिन हुआ क्या था. वो ऐसी ग़लती कर ही नहीं सकता. ग्यारह महीने से जानती हूँ मैं उसका काम."

बाई, अकरा महिने चार फुटांवर बसून ती दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नव्हती. तुमचा नियम त्या इमारतीत मनापासून पाळणारी ती दोनच माणसं होती. आणि तो नियम मोडला मी. त्यांना मोकळं केलं मी. मी तिला नंबर दिला. नाही म्हणायला काही कारण सुचेना. आणि खरं सांगू, ती माझ्याकडे काहीतरी मागत होती हे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घडत होतं. तिनं तळहातावर पेनानं लिहून घेतला. पुढच्या रविवारी ती फरिदाबादहून दोन बस बदलून मानेसरला गेली.

तुम्हाला हॉस्पिटलमध्ये भरती केलं ते त्याच हिवाळ्यात. तुमची पुतणी दुपारी घरी जायची तेव्हा दोन तास मी बसायचो. एका दुपारी तुम्ही उशीखालून तपासणीचा कागद काढलात, चष्मा मागितलात, आणि इतक्या दुखण्यात तुम्हाला चीड आली ती त्या कागदाची. "बघ, काय लिहिलंय. हर-टू. इतकं मोठं हॉस्पिटल! पेन्सिल आहे का? ठरलेलं नाव लिही शेजारी. आणि जुनं एका रेघेनं खोड, गिरगोटू नकोस. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि कडेला आपली आद्याक्षरं, कोणी बदललं ते कळायला." मी खिशातलं पेन काढून लिहिलं. तुमच्या कॅन्सरमागच्या जनुकाचं नाव मी माझ्या अक्षरात दुरुस्त केलं आणि आद्याक्षरं घालायला मला वेळ लागला. तुम्हाला वाटलं असेल, तुमच्या दुखण्यामुळे. तुम्ही कागद लांब धरून बघत राहिलात. मग म्हणालात, "त्या मुलाच्या बाकीच्या तीन ओळी समजू शकते. दमला असेल, चुकला असेल. पण ही कशी चुकेल रे तो?"

मी पेनाला टोपण लावलं.

"त्या आठवड्यात जुळवणी तू करत होतास ना?"

"हो."

"तुला काही दिसलं होतं?"

"नाही, बाई."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. लाल पेन्सिल हातात घेऊन न जुळलेल्या ओळीकडे बघायचात तसं, दोन्हीतलं खरं कुठलं हे ठरवत. मग म्हणालात, "बरं." कागद घडी करून उशीखाली ठेवलात, आणि जरा वेळानं, डोळे मिटून, "आता बोलतात म्हणे दोघं. परवा आली होती ती भेटायला, त्याला घेऊन. चांगलं झालं." त्या क्षणी मला तुम्हाला सगळं सांगावंसं वाटत होतं, शपथेवर सांगतो, पण तुम्ही 'चांगलं झालं' म्हणालात आणि मी तुमचा चष्मा काढून बाजूला ठेवला. तुम्ही ज्या गोष्टीला चांगलं म्हणत होतात ती माझ्या हातून घडली होती, आणि तरी त्यात माझं काहीच नव्हतं.

लोधी रोडच्या स्मशानात तो कारखान्याच्या गणवेशात आला. कंपनीच्या बसनं, मग रिक्षानं. खांदा द्यायला पुढे झाला तेव्हा कोणी त्याला विचारलं नाही तू कोण, आणि तो असा रडला, आवाज न करता, की तुमची पुतणी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तीन पावलं मागे उभा. तिथेही मला दुःखाआधी मत्सर वाटला, हे तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण आता कसली लाज. त्यांचं लग्न दोन वर्षांनी झालं. दोन्ही घरांनी आधी दारं लावून घेतली, मग उघडली. मला आमंत्रण होतं. तिनं स्वतः फोन केला, "तुमने ही तो नंबर दिया था." मी ताप आलाय म्हणून गेलो नाही. आता मानेसरला त्यांचं घर आहे, तो भांडाराचा प्रमुख झालाय. ऐकलं की तिथेही प्रत्येक सुट्या भागाला त्यानं एकच ठरलेलं नाव लावलंय आणि जुनी नावं खाली बारीक अक्षरात.

मी? मी इथेच राहिलो. माणसं सोडून गेली, कंपनीचं नाव दोनदा बदललं, ऑफिस गुडगावहून नोएडाला आलं, मोहरीच्या जागी मॉल आले. डिग्री राहिली ती राहिलीच. भांडणं अजून करतो, मागच्या महिन्यात पार्किंगवाल्याशी कॉलर धरण्यापर्यंत गेली. सगळे म्हणतात, सर का दिमाग गरम है, पर दिल के साफ़ हैं. लग्न केलं नाही. आईनं आता विचारणं सोडलंय. आणि तुमचा तो नियम मी चालू ठेवलाय, जोडीनं बोलायचं नाही, वेगळ्या गाड्या, वेगळी टेबलं. मात्र आता यंत्रच सगळी नोंद ठेवतं, कुठली ओळ कोणी बदलली, किती वाजता. त्या वेळी असं काही असतं, तर मी वाचलो असतो असं मला कधी कधी वाटतं.

आज त्या मुलीसमोर मी तशी नोंद उघडली. दोघांच्या ओळींत परक्या हाताची एकही खूण नव्हती, तिच्या हाताचीही नाही. तिला ओसाकाच्या जपान्याचा विनोद ऐकवला. ती हसली नाही. मीही तेव्हा हसलो नव्हतो. तिचे कान लाल झाले होते, नजर त्या पाठमोऱ्या मुलावरून हटत नव्हती, आणि मला तिला सांगावंसं वाटलं, बाळ, घरी जा, दोन दिवस सुट्टी घे, पण त्या फाईलला हात लावू नकोस. मी म्हटलं, "जाओ, अपना काम देखो." ती गेली. मग मी दार लावून हा कागद घेतला.

हे पत्र कुठे जाणार नाही. मुनिरकाच्या त्या फ्लॅटमध्ये आता कोणी बँकवाले राहतात, आणि पुतणीला द्यायचं तर तिला आधी सगळं सांगावं लागेल. खणात ठेवीन, फूटपट्टीबरोबर. ती अजून माझ्याकडे आहे. पितळ काळं पडलंय. पण ठेवण्याआधी एक दुरुस्ती करायची राहिली आहे. वर एका ठिकाणी मी लिहिलंय, की रागाच्या भरात मी त्याच्या चार ओळी बदलल्या. आत्ता पहिल्यापासून वाचून काढलं तेव्हा तिथे अडलो. ते तसं नाही, बाई. मला सगळे तापट म्हणतात, तुम्हीही म्हणायचात, आणि मी ते इतकी वर्षं अंगरख्यासारखं घालून फिरलोय. कुंडी फोडली ती रागात. चष्मा फोडला तो रागात. पण त्या चार ओळींना मी तीन दिवस घेतले. पहिल्या दिवशी फाईल नुसती वाचली. दुसऱ्या दिवशी यादी उघडून बसलो आणि कुठली नावं चुकलेली पाहून तुम्हाला सगळ्यांत जास्त लागेल ते शोधत राहिलो. तुम्ही शिकवलेल्या पद्धतीनं, जुनं नाव, ठरलेलं नाव, एकेक ताडून. त्या तीन दिवसांइतकं चोख काम मी तुमच्याकडे कधीच केलं नव्हतं. हर-टूची ओळ शेवटी निवडली. तिसऱ्या दिवशी डबा खाल्ला, हात धुतले, चहा घेतला आणि मग बदलल्या. माझं डोकं थंड होतं.

तेव्हा 'रागाच्या भरात' हे शब्द मी आत्ता तुमच्या फूटपट्टीनं, एकाच रेघेनं खोडले आहेत. कडेला माझी आद्याक्षरं घातली आहेत. खालचं वाचता येतंय.